गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात कशी तपासावी, ट्यूब कशी वाचावी आणि बडोद्यातून तक्रार कशी करावी

नवरात्रीला पंधरा दिवस उरले की बडोद्यातल्या पार्लरांच्या काचांवर नवे कागद चिकटतात: ‘गरबा ग्लो पॅकेज’, ‘सात दिवसमां निखार’, डी-टॅनवर फेशियल फ्री. लग्नसराईत तेच कागद ‘ब्रायडल’ होऊन परत येतात, आणि मोबाइलवर तर बाराही महिने कुणी ना कुणी गाल पुसून उजळत असतं. या सगळ्याला आधी एकच कसोटी लावा. फरक किती दिवसांत दिसेल असं म्हटलंय? जितके दिवस कमी, तितका संशय जास्त.

ही कसोटी का चालते ते आधी बघू.

रंग कुठे असतो आणि किती हलतो

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसात त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या बनवत असलेल्या रंगकणांच्या आकारात, प्रमाणात आणि पसरण्यात, आणि तो जन्मजात असतो. तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण २८ दिवस लागतात. वय वाढलं की त्याहून जास्त. म्हणजे एखाद्या घटकानं आज मेलॅनिनची निर्मिती खरोखर कमी केली, तरी ते चेहऱ्यावर दिसायला महिना जाणार. आठवड्यात दिसलेला उजाळा तळातून आलेला नसतो.

मग तो येतो कुठून? एक तर क्रीममधल्या टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडमधून. ही पांढरी पूड, तोंड धुतलं की गेली. किंवा स्क्रबनं वरचा मृत थर निघालेला असतो आणि त्वचेत पाणी भरलेलं असतं. ही चमक दोन-तीन दिवसांची. आणि यांपैकी काही नसेल तर ट्यूबमध्ये स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन किंवा पारा आहे. पहिल्या दोन प्रकारांत फक्त पैसे जातात. तिसऱ्यात त्वचा जाते, पारा असेल तर मूत्रपिंडही.

तुमचा मूळ रंग बघायचा असेल तर दंडाची आतली, काखेजवळची बाजू बघा. ऊन टाळून, धीर धरून चेहरा फार तर तिथपर्यंत येतो. एप्रिल-मे मध्ये दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाचं मनगट आणि दंड शेजारी ठेवले तर उन्हाचा वाटा किती ते लगेच दिसतं. हा वाटा ऊन टाळलं की हळूहळू आपोआप उतरतो, आणि जाहिरातीत त्याचं श्रेय ट्यूबला मिळतं. दंडाच्या रंगाच्याही पुढे नेण्याचं वचन कुणी देत असेल, तर त्याच्याकडे औषध आहे किंवा थाप आहे.

एक बाजूची पण महत्त्वाची गोष्ट. मानेच्या घड्यांमध्ये, काखेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा आली असेल तर तो मळ नाही आणि टॅनही नाही. बहुतेक वेळा ती शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते. मुलीची मान काथ्यानं घासण्याऐवजी तिची साखर तपासा. गालांवर दोन्ही बाजूंना सारखे तपकिरी डाग म्हणजे वांग. त्यालाही ‘ग्लो’ क्रीमचा उपयोग नाही, डॉक्टर लागतो.

‘आधी’ आणि ‘नंतर’चा फोटो

दोन फोटो शेजारी असले तर चेहरा सगळ्यात शेवटी बघा. आधी ज्या गोष्टी क्रीमनं बदलूच शकत नाहीत त्या बघा: डोळ्यांचा पांढरा भाग, दात, मागची भिंत, अंगातला कपडा, कानातलं. स्क्रीनशॉट घ्या, मोठा करा. भिंत किंवा डोळ्यांचा पांढरा भाग ‘नंतर’च्या फोटोत उजळला असेल तर फोटोतला प्रकाश वाढलाय, त्वचा नाही. मग नाकाखालची सावली. पहिल्यात ती लांब आणि गडद, दुसऱ्यात गायब, म्हणजे आधी दिवा डोक्यावर होता आणि नंतर समोर आणला. मान आणि कान चेहऱ्याइतकेच उजळलेत का? ‘फेस क्रीम’नं कान गोरे होत असतील तर ते फिल्टरचं काम आहे.

शेवटी चेहऱ्यावरचे भाव. आधीच्या फोटोत केस तेलकट, ओठ खाली, नजर जमिनीवर. नंतरच्यात केस मोकळे, हसू, पदर नीट. हा निव्वळ फोटोग्राफीचा डाव नाही, ते नियमात न बसणारं काम आहे. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे ‘ॲस्की’, या जाहिरात उद्योगाच्याच संस्थेनं २०१४ मध्ये याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. सावळी व्यक्ती अनाकर्षक, दुःखी, खचलेली दाखवायची नाही. लग्न, नोकरी, बढती यांत रंगामुळे ती मागे पडते असं दाखवायचं नाही. गडद रंग कुठल्या जातीशी, धर्माशी, व्यवसायाशी किंवा गरिबीशी जोडायचा नाही. पुढे तक्रार लिहिताना हीच कलमं कामी येतात, म्हणून लक्षात ठेवा.

स्वतःवर एखादी क्रीम पडताळायची असेल तर तुमचे फोटो तरी खरे घ्या. तीच खिडकी, तीच वेळ, मोबाइलचा मागचा कॅमेरा, ब्यूटी मोड बंद, आणि हनुवटीखाली एक कोरा पांढरा ए-फोर कागद धरलेला. फोटो पहिल्या दिवशी, मग २८, ५६ आणि ८४ व्या दिवशी. तुलना करताना आधी कागद बघा. दोन फोटोंत कागदाचा पांढरा सारखा दिसत नसेल तर ती जोडी बाद. कागद नसेल तर फोन दर वेळी प्रकाश आपल्या मनानं ठरवतो आणि तुम्ही स्वतःलाच फसवता.

दाव्याचं वाक्य मोडून बघा

समजा जाहिरात म्हणते: ‘फक्त ७ दिवसांत ३ शेडपर्यंत उजळ त्वचा, ९४ टक्के महिलांनी मान्य केलं*’.

‘पर्यंत’ म्हटलं की शून्य शेडही त्यात बसते. ‘शेड’ मोजायची पट्टी कुणाची? कंपनीनंच छापलेली, आणि तिच्यावर तीन घरं म्हणजे किती हे तीच ठरवते. ‘मान्य केलं’ म्हणजे यंत्रानं त्वचा मोजलेली नाही, बायकांना फॉर्म भरायला दिला होता. किती बायकांना, ते चांदणीच्या (*) टिपेत सापडेल. तिथे तीस-चाळीसचा आकडा दिसला तर नवल वाटू देऊ नका. त्यांनी क्रीमसोबत सनस्क्रीनही लावलं होतं का, तुलना कशाशी केली, हेही तिथेच शोधायचं. ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की काही लोकांच्या त्वचेवर लावून पुरळ येत नाही ना ते पाहिलं. उजळपणाशी त्याचा संबंध नाही.

चांदणीच्या टिपेबद्दल कायदा बऱ्यापैकी कडक आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. केंद्र सरकारनं ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. त्यांनुसार टीप दाव्याच्याच भाषेत हवी, त्याच फाँटमध्ये हवी, ठळक जागी हवी. दावा आवाजात असेल तर टीप त्याच वेळी, त्याच वेगानं पडद्यावर यायला हवी. आणि मुख्य दावाच खोटा असेल तर टीप लावून तो खरा होत नाही. आता बडोद्यातली गुजराती पत्रकं आठवा: वर मोठ्या गुजरातीत वचन, खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी. तक्रारीसाठी एवढंही पुरतं.

मोबाइलवर ‘मी दोन महिने वापरतेय’ सांगणाऱ्यांना जानेवारी २०२३ पासून वेगळे नियम आहेत. पैसे, फुकट माल किंवा नातं असेल तर ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ असं ठळकपणे सांगावं लागतं. हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेलं चालत नाही.

शब्दही बदलत राहतात. १९७५ पासून ‘फेअर’ नाव मिरवणाऱ्या फेअर अँड लव्हली क्रीमचं नाव २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं, आणि त्याच सुमाराला बाजारभर ‘फेअरनेस’च्या जागी ग्लो, ब्राइटनिंग, इव्हन टोन, डी-टॅन आले. शब्द कुठलाही असो, जाहिरातीतली मुलगी शेवटी गोरीच होत असेल तर दावा गोरेपणाचाच धरा. नियमसुद्धा फक्त शब्द बघत नाहीत, जाहिरात काय सुचवते तेही बघतात.

ट्यूब वाचणं

इथे वेळ घालवा, कारण खरं नुकसान इथेच होतं.

सर्वात आधी तो माल नेमका काय आहे ते ठरवा. सौंदर्यप्रसाधन असेल तर २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे त्यावर उत्पादकाचं नाव आणि पत्ता, बॅच नंबर, वापरायची मुदत आणि उत्पादनाचा परवाना क्रमांक हवा. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. थाई, पाकिस्तानी किंवा ‘दुबईवाली’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या डबीवर आयातदाराचं नावच नसतं. तिथेच थांबा, आतलं काय आहे ते शोधत बसायची गरज नाही.

वर ‘आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन’ लिहिलं असेल तर कायद्याच्या नजरेत ते औषध आहे. गंमत अशी की औषधाला गोरेपणाचा दावा करायला जागाच नाही: ड्रग्ज रूल्सच्या शेड्यूल जे मध्ये, औषधानं ज्या गोष्टी बऱ्या करण्याचा किंवा घडवून आणण्याचा दावा करायचा नाही त्यांच्या यादीत, ‘त्वचेचा गोरेपणा’ अशी स्वतंत्र नोंद आहे. टक्कल आणि उंची वाढवण्याच्या रांगेत.

मग घटकांची यादी. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं येतात. एक टक्का किंवा कमी असलेले त्यांच्यानंतर, कुठल्याही क्रमानं. यात एक खूण उपयोगी पडते. फिनॉक्सीइथेनॉल नावाचं टिकवणारं रसायन कितीतरी क्रीममध्ये असतं आणि त्याची मर्यादाच एक टक्का आहे. म्हणून त्याच्यानंतर छापलेलं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. डबीवर केशराच्या काड्या, बदाम आणि ज्येष्ठमधाचं चित्र आहे आणि यादीत हे तिघं फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे उभे आहेत, असं बहुतेक वेळा दिसेल. चित्र मोठं, माल चिमटीभर. नायसिनामाइड हा घटक त्यातल्या त्यात खरा. तो ४-५ टक्के असेल तर डाग थोडे फिके करतो, पण ८ ते १२ आठवड्यांत आणि माफक. तो असेल तर यादीत पहिल्या चार-पाचांत सापडायला हवा.

दहा-वीस रुपयांच्या पाउचवर यादी सापडत नाही, कारण लहान पाकिटांना ती छापण्यातून सवलत आहे. त्याच क्रीमची मोठी ट्यूब दुकानात उलटून वाचा.

पांढऱ्या पुडीची चाचणी घरी करता येते. काळ्या कागदावर क्रीमचा पातळ थर द्या, दहा मिनिटं वाळू द्या. पांढरट पापुद्रा राहिला तर ‘तत्काळ उजाळा’ कशाचा ते कळलं. यादीत तो टायटॅनियम डायऑक्साइड किंवा सीआय ७७८९१ या नावानं असेल. तो वाईट नाही, सनस्क्रीनमध्येही असतो. फक्त त्याला गोरेपणा म्हणायचं नाही. पाऱ्याची किंवा स्टिरॉइडची मात्र घरगुती चाचणी नाही. सोन्याची अंगठी घासून, लिंबू पिळून पारा ओळखण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांवर विसंबू नका.

क्रीममध्ये एसपीएफ १५ आहे म्हणून वेगळं सनस्क्रीन नको, असा समज ही जाहिरातीच करून देतात. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. एवढं रोज दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन-चार आठवड्यांत संपते. तुमची चार महिने पुरत असेल तर आकडा फक्त डबीवर आहे. एसपीएफ ३० किंवा जास्त, उन्हात असताना दर दोन तासांनी, आणि वर ओढणी किंवा टोपी. चेहऱ्याचा काळपटपणा उतरवायला याच्याइतकं काम दुसरी कुठलीही ट्यूब करत नाही, आणि याची जाहिरात गोरेपणाच्या क्रीमएवढी आकर्षक होत नाही हीच अडचण आहे.

ज्या नावांवर हात मागे घ्यायचा

ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन दिसलं तर ते स्टिरॉइड. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ते तिहेरी मिश्रण. वांगासाठी डॉक्टर मोजक्या आठवड्यांपुरतं देतात. बाजारात ते गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावलं जातं. कोपऱ्यात ‘आरएक्स’ची खूण असते आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी इंग्रजी सूचना. २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, आणली गेली, ती याच गैरवापरामुळे. तरीही मेडिकलमध्ये ‘चेहऱ्याला काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवर काय येईल याचा भरवसा धरू नका. नाव वाचूनच पैसे द्या.

स्टिरॉइड फसवतं कसं तर ते खरंच ‘चालतं’. रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, रंगाच्या पेशी मंदावतात. दोन-तीन आठवड्यांत चेहरा गुळगुळीत आणि फिका दिसतो. मग मैत्रिणी विचारतात, नाव सांगितलं जातं, ट्यूब चार घरांत जाते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, पुरळ आणि लव वाढते, उन्हात आग होते. क्रीम थांबवली की सगळं उसळतं, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. जाहिरातीची यात गरजच उरत नाही.

हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं की काही जणांच्या गालांवर निळसर-काळे डाग पडतात, तेही कायमचे. ज्यासाठी लावलं त्याच्या नेमकं उलट.

पारा सगळ्यात वाईट. मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला तो अडवतो, त्वचेतून आत शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. भारतात चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला अंशसुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या १५ जणांत ‘नेल-१’ या प्रथिनाशी जोडलेला प्रकार निघाला, आणि त्या पंधरापैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. यादीत पारा ‘मर्क्युरी’ म्हणून सहसा येत नाही. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, सिनॅबर, मर्क्युरिक ही नावं शोधा. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असली तरी तेवढ्यावर डबी खाली ठेवा. घरात एकानं लावलेला पारा टॉवेल, उशी आणि हवेतून इतरांच्याही अंगात जातो. तान्हं मूल आणि गरोदर बाई असलेल्या घरात हे विशेष.

ग्लुटाथायोनच्या ‘गोरेपणाच्या इंजेक्शन’बद्दल एकच सांगणं. इंजेक्शन हे सौंदर्यप्रसाधन नाही. शिरेत जे जातं ते औषध, आणि त्वचा उजळवण्यासाठी या औषधाला भारतात मान्यता नाही.

पार्लरमध्ये काय विचारायचं

ब्लीच त्वचा उजळवत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियानं चेहऱ्यावरची लव सोनेरी होते, म्हणून चेहरा उजळ वाटतो. डी-टॅन म्हणजे बहुतेक वेळा स्क्रब आणि फळांची आम्लं. गरब्याच्या दोन दिवस आधी हे करून घ्यायला हरकत नाही, दोन दिवसांचा खेळ आहे हे माहीत असलं म्हणजे झालं. मात्र पहिल्यांदाच करत असाल तर आठ-दहा दिवस आधी कानामागे करून बघा; नवरात्रीच्या पहिल्या माळेला चेहऱ्यावर खपल्या घेऊन कुणी मैदानात जात नाही.

ताईंनी बिननावाच्या डबीतून क्रीम काढली तर मूळ पॅक मागा. ‘आमचं स्पेशल मिक्सिंग आहे’ हे उत्तर आलं तर नको म्हणा; अशा मिश्रणात स्टिरॉइड असणं ही जुनीच गोष्ट आहे. घरी लिंबू चोळून उन्हात जाणंही सोडा. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की त्वचा भाजून महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग उठतात. उटणं आणि डाळीचं पीठ निरुपद्रवी आहे, त्यानं मळ आणि तेल जातं, रंग नाही.

अशी एखादी क्रीम आधीच महिनोन्‌महिने लावत असाल तर एका दिवसात स्वतःहून बंद करून घाबरू नका आणि चालूही ठेवू नका. सगळ्या ट्यूबा, डब्या, खोके पिशवीत घालून सयाजी हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात किंवा तुमच्या स्किनच्या डॉक्टरांकडे न्या. स्टिरॉइड कसं उतरवायचं ते त्यांनी ठरवायचं. लघवीला फेस येतोय, पायावर किंवा डोळ्यांखाली सूज आहे, हात थरथरतात, असं काही असेल तर लघवीतलं प्रथिन तपासायला सांगा आणि क्रीमचा उल्लेख तुम्ही करा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

तक्रार

आधी पुरावा, मग राग. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारीख आणि लिंक दिसेल असा. वर्तमानपत्राचं अख्खं पान. होर्डिंगचा फोटो आणि चौकाचं नाव. टीव्हीवर असेल तर चॅनेल आणि वेळ. बिल घ्या, पाच रुपयांचं असलं तरी. खोका फेकू नका, बॅच नंबर बऱ्याचदा त्यावरच असतो. क्रीम लावली असेल तर कधी, किती, दिवसातून कितीदा हे वहीत लिहा. दिल्लीत एका ग्राहकानं २०१३ मध्ये ७९ रुपयांना घेतलेल्या पुरुषांच्या क्रीमचा खटला २०२४ च्या डिसेंबरपर्यंत ग्राहक मंचात होता, आणि कंपनीचा एक मोठा बचाव हाच की त्यानं ती सांगितल्याप्रमाणे वापरली याचा पुरावा नाही.

कुठे जायचं ते तक्रार कशाबद्दल आहे यावर ठरतं. जाहिरातच खोटी किंवा अपमानकारक असेल तर ॲस्कीकडे. त्यांच्या संकेतस्थळावर किंवा ७७१०० १२३४५ या व्हॉट्सॲप क्रमांकावर, खर्च काही नाही. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तिथे मराठीत आणि गुजरातीत दोन्हीत बोलता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची लेखी तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि जाहिरात करणाऱ्या नटनट्यांवर एक वर्षाची, पुन्हा केल्यास तीन वर्षांची बंदी घालू शकतं.

पैसे परत किंवा भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही बडोद्यात राहता किंवा काम करता एवढ्यावर इथे दावा लावता येतो, कंपनी मुंबईत असो की कोलकात्यात. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं.

क्रीममध्ये पारा किंवा स्टिरॉइड असल्याचा संशय असेल तर गुजरातच्या अन्न व औषध नियमन तंत्राकडे. आणि इथे बडोदेकरांची सोय आहे: राज्याची औषध तपासणी प्रयोगशाळा आपल्याच शहरात आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम २६ सांगतं की कुणीही नागरिक स्वतः विकत घेतलेलं औषध किंवा प्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो आणि सहीचा अहवाल मिळवू शकतो. त्यासाठी बिल तुमच्या नावाचं आणि पॅक न उघडलेला असला तर उत्तम. वापरलेली अर्धी ट्यूब दिली की ‘नंतर मिसळलं असेल’ म्हणायला समोरच्याला वाव मिळतो. म्हणून त्याच बॅचचा दुसरा पॅक घ्या.

मजकूर लहान ठेवा. असा: ‘अमुक तारखेला अमुक ठिकाणी दिसलेल्या जाहिरातीत “सात दिवसांत गोरी त्वचा” असा गुजरातीत दावा आहे. अटी इंग्रजीत, वाचता न येणाऱ्या अक्षरात आहेत. सावळ्या मुलीला स्थळ नाकारलं जातं असं दृश्य आहे. दाव्याचा पुरावा मागवावा आणि जाहिरात थांबवावी. सोबत फोटो ३, बिल १.’ जाहिरातीचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे. बहुतेक तक्रारी इथेच पडतात: दोन पानं संताप असतो आणि जाहिरात नेमकं काय म्हणाली ते एकदाही लिहिलेलं नसतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘गोरेपणाच्या जाहिरातीला पाच वर्षं कैद आणि ५० लाख दंड’ या व्हॉट्सॲपवरच्या मजकुराचा हवाला देणं. तो १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यातल्या दुरुस्तीचा फेब्रुवारी २०२० मधला मसुदा आहे. मसुद्यावर तक्रार उभी राहत नाही. २०१९ चा कायदा आणि २०२२ ची तत्त्वं लिहा.

तक्रार गेल्यावर जाहिरात कधी कधी चार दिवसांत गायब होते आणि शब्द बदलून परत येते, ‘गोरी’च्या जागी ‘तेजस्वी’. जुन्या तक्रारीचा क्रमांक देऊन नव्या जाहिरातीचा नवा स्क्रीनशॉट पुन्हा पाठवा; दंडाचा मोठा आकडा दुसऱ्या वेळेसाठीच ठेवलेला आहे.